घोड्यावरचं वाचनयंत्र

अंबिकानं यंत्र माझ्या हातात दिलं तेव्हा ते चालू आहे असंच मला वाटलं. पडद्यावर अक्षरं होती. नववीच्या विज्ञानातला धाराविद्युतचा धडा, कोपऱ्यात विद्युतघट आणि दिव्याची आकृती. मी पान उलटायला बोट लावलं. काही झालं नाही. बटण दाबून धरलं, तरी दिव्याची आकृती जागची हलली नाही. मग यंत्र उन्हात तिरकं धरलं आणि अक्षरांच्या मागे बारीक केसासारखी रेघ दिसली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"अंबिका, हे बंद आहे."

"हळू बोला ना ताई," ती म्हणाली आणि मागे वळून पाहिलं. तिचे वडील मुंजाबा पालाच्या पलीकडं घोड्याला पाणी पाजत होते.

"कधीपासून?"

"झालं लई दिस. आबांना ठावं नाय. त्यांना अक्षरं दिसली की चालू वाटतं. मी रोज दुपारी त्यांच्या म्होरं घेऊन बसते."

या यंत्राच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. वीज मिळाली की ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. पुढं वीज तोडली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणून बॅटरी महिनाभर टिकते, आणि म्हणूनच मेलेल्या यंत्रावरही शेवटचं पान तसंच राहतं. याच गुणासाठी मी हे यंत्र निवडलं होतं.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि उस्मानपुऱ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत काम करते. संस्थेची शाळा गंगापूर तालुक्यात आहे. तिथली बरीच मुलं मेंढपाळांची. पाऊस सरला की त्यांची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, गावोगावच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत फिरतात आणि पेरणीच्या तोंडाला परततात. मुलं बरोबर जातात. शाळेत आधी त्यांची जागा रिकामी राहते, मग पटावरून नाव जातं.

वाळूजच्या एका कंपनीनं शाळेला 'डिजिटल काहीतरी' द्यायचं कबूल केलं, तेव्हा काय घ्यायचं ते शोधायचं काम संस्थेचे सचिव काकासाहेब यांनी माझ्यावर टाकलं. त्यांचं स्वतःचं मत आधीच झालेलं होतं.

"टॅब घे. रंगीत असतं, पोरं खूश, कंपनीचे साहेब खूश, फोटो झकास येतो."

"काका, टॅब रोज चार्ज करावा लागतो. शेतात कुठं करणार? तो कपाटातच राहील. ज्यांच्यासाठी घ्यायचा ती मुलं सहा महिने बाहेर असतात."

"मग त्यांना सरळ पुस्तकं का देत नाहीस?"

"मागच्या वर्षी दिली होती. भूगोल शेळीनं खाल्ला."

"सगळा?"

"नकाशांसकट."

काकासाहेब इतके हसले की चहा सांडला. त्या हसण्याच्या भरात मी नमुन्याची तीन वाचनयंत्रं मागून घेतली. गच्चीवर भर दुपारी टॅब आणि वाचनयंत्र शेजारी शेजारी ठेवलं. टॅबनं तापल्याची सूचना दिली आणि तो बंद पडला. वाचनयंत्र चालत राहिलं. धूळ टाकून पाहिली, कमरेइतक्या उंचीवरून पाडून पाहिलं. मग तिन्ही यंत्रं तीन बिऱ्हाडांना दिली: मुंजाबा, रामकिसन आणि अप्पाराव.

अंबिकाचं मात्र वेगळं होतं. तिच्या आईचे, बानाबाईंचे, गुडघे गेले होते आणि मेंढरांमागं चालायला दुसरं माणूस नव्हतं. मुंजाबांनी तिचं नाव काढायचंच ठरवलं होतं. मी मुख्याध्यापकांना गळ घातली, की ती यंत्रावर अभ्यास करील, वार्षिक परीक्षेला येईल, तिला दहावीत जाऊ द्या. ते कसेबसे हो म्हणाले. मुंजाबाही हो म्हणाले, पण अट घालून.

"यंतर चाललं तर शिकू द्या. नाय चाललं तर नाव काढा. मंग मला मास्तरचा फोन नको अन् तुमचाबी."

आता यंत्र चालत नव्हतं. रामकिसनकडचं मी आदल्याच दिवशी पाहून सोबत घेतलं होतं, तेही असंच मेलेलं. एखादं सदोष निघालं असेल अशी मी मनाची समजूत घातली होती. वरून दोन्हीवर ओरखडासुद्धा नव्हता.

मी मुंजाबांकडं गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुक्काम हलवताना यंत्र कुठं ठेवता?"

"दाखवतो की," ते उत्साहानं म्हणाले. त्यांनी घोंगडी घेतली, तिची घडी केली आणि मध्ये हाताचा पंजा यंत्र म्हणून ठेवला. वरून दुसरी घोंगडी. हे बोचकं पिठाच्या पोत्याला टेकवून घोड्यावर, त्यावर भांड्यांची पाटी, आणि सगळ्याला वेढा घालून दोरी. दोरी ओढताना त्यांनी ओझ्याला गुडघा लावला आणि अंगातलं सगळं बळ काढलं. घोडं एक पाऊल सरकलं.

"पार आवळतो. जिंदगीत सुटायची नाय. दाग-दागिना, सटवाईचा टाक, समदं तिथंच असतं. जपायची चीज हाय ना."

"इतकं आवळता?"

"तुम्हीच म्हणला, पडू देऊ नका. हललंच नाय तर पडंल कसं?"

त्यात चूक काढता येत नव्हती. वरचं आवरण लवचिक, म्हणून त्याला काही होत नाही. आतली काच कागदासारखी पातळ. ती पडून फुटत नाही इतकं मी पाहिलं होतं. वाकवल्यावर काय होतं ते पाहिलं नव्हतं. प्रत्येक मुक्कामाला दोरी आवळली गेली होती. ज्याला यंत्राची जितकी काळजी, त्याची गाठ तितकी घट्ट.

निघताना अंबिका बांधापर्यंत आली.

"बुधवारी कंपनीवाल्यांच्या मीटिंगला मी यायचं हाय ना? वाचून दाखवायला?"

"हो, पण..."

"तवर दुरुस्त करा ना ताई. आबांना सांगते, मीटिंगसाठी नेलं म्हून. तुम्ही सायन्सवाल्या ना?"

दोन्ही मेलेली यंत्रं डिकीत टाकून मी तडक पैठण गेटला गेले. तिथं अझहरभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजात असल्यापासून माझा फोन तेच दुरुस्त करतात. त्यांनी यंत्र उलटंपालटं केलं.

"ये क्या लेके आये मॅडम? ना मोबाइल, ना टॅब. पाटी है क्या पहिली के बच्चों की?"

"पुस्तक आहे. डिस्प्ले गेलाय. बुधवारपर्यंत बसवून द्या."

"कौनसे महिने का बुधवार? अजी, इसका डिस्प्ले शहर में कोई नै रखता. दिल्ली से मंगाना पडेंगा."

"मग दोन्हींचं मिळून एक करा. दोन आहेत ना."

त्यांनी दोन्ही उघडली, आतल्या काचेवर दिवा धरला आणि मान हलवली. "एक की बॅटरी जाती, एक का डिस्प्ले जाता, तो बना देता. दोनो का एकीच गया. दो अंधे मिला के एक आँखवाला नै बनता, मॅडम."

मी तरीही उभी राहिले. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला. "किसका है? इत्ता क्या रोना मुँह बना लिए?"

मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी दिल्लीला दोन ठिकाणी फोन लावले, एकाशी भांडले, मग यंत्र बंद करून हलक्या हातानं माझ्याकडं सरकवलं. पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

ऑनलाइन मागवलं तर पुढच्या आठवड्यात येणार होतं. तिसरं यंत्र अप्पारावकडं होतं, पण त्यांचं बिऱ्हाड वैजापूरच्या पलीकडं कुठंतरी होतं आणि फोन बंद. मी दर तासाला लावत होते. बैठक पुढं ढकला म्हणून काकासाहेबांना विनवलं.

"मार्च संपत आला. कंपनीचा निधी गेला तर तुझ्या मेंढपाळांना काहीच नाही आणि शाळेलाही नाही. बुधवारच," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "काय गं, काही गडबड?"

तेव्हा सांगायला हवं होतं का? मला वाटलं, अप्पारावचा फोन लागेल. बुधवारी सकाळी मी मुंजाबांच्या नंबरवर फोन केला, तर अंबिकानं उचलला. मागून मोटारीचा आवाज येत होता.

"अंबिका, येऊ नकोस. काही झालं नाही दुरुस्त."

"आम्ही निघालोय. जीपमंदी हाय. तुम्ही ते नुसतं माझ्या हातात द्या."

कचेरी एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. लांब टेबलाच्या एका टोकाला काकासाहेब, शेजारी कंपनीचे साहेब, दोन सभासद. टेबलावर नमुन्याचा टॅब, त्याच्या पडद्यावर फिरणारी रंगीत पृथ्वी. मुंजाबा फेटा नीट करून खुर्चीच्या कडेवर बसले होते. पाठ टेकली तर खुर्ची कोणी मागून घेईल अशा बेतानं. अंबिका शाळेच्या गणवेशात आली होती. तो आता आखूड झाला होता.

"ही आमची अंबिका," काकासाहेब म्हणाले. "मेंढरामागं फिरत नववी करते. वाच गं बाळ. घाबरायचं नाही. हे साहेब काही मेंढरं नाहीत."

साहेब हसले. अंबिकानं माझ्याकडं हात पुढं केला. मी यंत्र तिच्या हातात दिलं.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, यंत्र छातीशी धरलं आणि वाचू लागली. दोन टोकांच्या विभवात फरक असेल तरच धारा वाहते. फरक संपला की धारा थांबते. ती घाई करत नव्हती. ओळीच्या शेवटी डोळे डावीकडं नेत होती. आकृतीपाशी थांबून म्हणाली, "इथं आकृती हाय." मग पडद्याला बोट लावलं, पान बदलायला लागतो तेवढाच वेळ थांबली आणि पुढचं वाचू लागली. मी तिच्या शेजारीच उभी होते, मला पडदा दिसत होता. त्यावर तेच जुनं पान होतं. तिनं दुसऱ्यांदा पान उलटलं. तिसऱ्यांदा. रोधाचं सूत्र सांगितलं, खालचं उदाहरण सांगितलं, त्यातल्या आकड्यांसकट.

यंत्र फुटायच्या आधी तिनं तो धडा किती वेळा वाचला असेल ते मला कळेना. आणि फुटल्यावर, रोज दुपारी, वडिलांसमोर.

मुंजाबा लेकीकडं बघत होते. त्यांचे ओठ तिच्याबरोबर किंचित हलत होते.

"वा!" साहेब म्हणाले. "अहो, हे तर फारच छान. काकासाहेब, मग हेच घेऊ या की. टॅब काय, सगळेच देतात."

काकासाहेबांनी टॅबवरच्या पृथ्वीकडं पाहिलं, अंबिकाकडं पाहिलं. "मला हे काळं-पांढरं पसंत नव्हतं. पण पोरीनं तोंड बंद केलं माझं." मग ते माझ्याकडं वळले. "प्रेरणा, तू तीन महिने तपासलंस. सतरा बिऱ्हाडांना द्यायचं आहे. नीट चालतं ना? तुझ्या एका शब्दावर सही करतो."

अंबिका माझ्याकडं पाहत होती. तिनं काही खूण केली नाही. डोळेही मिटले नाहीत.

मला सतरा घोडी दिसली. सतरा बोचकी, सतरा घोंगड्या, ओझ्याला गुडघा लावून दोरी ओढणारे सतरा बाप. पुढच्या दिवाळीनंतर पहिल्या मुक्कामाला सतरा काचा. मग या मुलांसाठी पुन्हा कोणी काही मागितलं तर ती फुटलेली यंत्रं दाखवली जातील. हे सगळं खरं होतं. आणि समोरची मुलगीही खरी होती.

"नाही," मी म्हणाले. "ते फुटलंय."

"काय फुटलंय?"

"हे. रामकिसनकडचंही. घोड्यावर बांधताना आतली काच दबते. पण याला कडक पेटी केली तर..."

"म्हणजे?" साहेबांनी हात पुढं केला. अंबिकानं यंत्र दिलं नाही. मग मुंजाबांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी बोट लावलं. एकदा, दोनदा. दिव्याची आकृती तशीच.

"अरे, मग ही वाचत काय होती?"

मी पेटीबद्दल बोलत राहिले. पत्र्याची पेटी चालेल, ती इथं चिकलठाण्यात करून मिळेल, दाब कडांवर जाईल. मला माझाच आवाज उंच झालेला ऐकू येत होता.

"थांब," काकासाहेब म्हणाले. रागानं नाही. "बॅटरी टिकावी म्हणून हे यंत्र. यंत्र टिकावं म्हणून पेटी. उद्या पेटी टिकावी म्हणून माणूस नेमशील. बाळा, मला सही करायची आहे." त्यांनी टॅब पुढं ओढला. "हे घेऊ. शाळेत राहतील. निदान राहतील तरी."

बाहेर जिन्यात मी त्या दोघांना गाठलं. मुंजाबा दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला फसवलं पोरीनं," ते म्हणाले. "रोज. माझ्या म्होरं बसून. अन् तुम्हाला ठावं होतं."

"मुंजाबा, चूक तिची नाही. परीक्षा जवळ आलीय, तेवढी तरी..."

"यंतर चाललं तर, असं ठरलं होतं. चाललं का?"

ते खाली उतरले. अंबिका थांबली.

"तुम्ही गप बसायचं होतं ताई."

"सगळी फुटली असती गं. सतराच्या सतरा."

"तवर माझी दहावी झाली असती." ती रडत नव्हती. "अन् खोटं काय होतं त्यात? वाचलंच की मी."

हो म्हणून नंतर गुपचूप पेट्या करून घेता आल्या असत्या. हे मला ती गेल्यावर सुचलं, झेरॉक्सच्या दुकानापाशी गाडीला किल्ली लावताना. तिथंच बराच वेळ उभी राहिले. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, जाना है के नै?"

पुढच्या दिवशी अप्पारावचा फोन लागला. फोन मेंढरानं तुडवला होता, नवा घेतला होता. बिऱ्हाड लासूरजवळ आलं होतं. काकासाहेब म्हणाले, "जा, तेवढं तिसरं घेऊन ये. नमुने दुकानदाराला परत करून विषय संपवू."

पालात अप्पारावची बायको द्वारकाबाई होती. तिनं पाठीवरची झोळी उतरवली, आतलं झोपलेलं मूल बाजूला केलं आणि त्याच्या बुडाखालून यंत्र काढून दिलं.

"जरा वास येतोय. पोरगं मुतलं दोनदा."

मी बटण दाबलं. पडदा एकदा काळा झाला, मग पांढरा, आणि अक्षरं उमटली. पान उलटलं. तेही उलटलं. मी पुन्हा पुन्हा उलटत राहिले.

"तुमच्या पोरानं वाचलं का काही?"

"कशाचं वाचतंय! पहिल्या दिशी बघितलं, गाणी नाय लागत म्हणला, दिलं टाकून. ओझ्यात कुठं घालावं, म्हणून लेकराच्या संगं ठेवलं. लेकराला काय दोरीनं आवळत नाय ना कुणी."

तिथून मुंजाबांचा तळ दूर नव्हता. मी पोचले तेव्हा त्यांची पालं उतरली होती, घोड्यावर ओझं चढत होतं. मुंजाबांनी मला पाहिलं आणि पाठ केली. मी अंबिकाजवळ गेले, काही न बोलता यंत्र सुरू करून तिच्यासमोर धरलं. तिनं पान उलटलं. एवढंच केलं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला आलं.

"घोड्यावर नाही," मी म्हणाले. "झोळीत. पाठीवर."

बानाबाई गुडघे धरत उठल्या. त्यांनी जुनं लुगडं फाडलं आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या पाठीवर झोळी बांधली. बांधून झाल्यावर दूर होऊन पाहिलं. "आता गं बया! लगीन नाय, काय नाय, अन् पाठीवर लेकरू."

"आयं, गप की."

मुंजाबा दोरी हातात धरून उभे होते. त्यांनी ती अजून आवळली नव्हती.

"पडलं तर?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, तिला.

"मी पडले तरच पडंल."

मुंजाबा नाव ठेवू असं म्हणाले नाहीत, काढू असंही नाही. ओझ्याला गुडघा लावला, दोरी ओढली, गाठ मारली, आणि मेंढरांना हाक घातली.

माझा फोन वाजला. काकासाहेब.

"मिळालं का गं तिसरं?"

मेंढरं बांधावरून उतरत होती. त्यांच्या मागं अंबिका, एक हात मागं नेऊन झोळी खालून तोलून धरत चालली होती.

"मिळालं, काका," मी म्हणाले. "तेही फुटलंय."

"बघ. सांगत होतो ना मी."

"हो, काका."